इंजिनामागचा सिग्नल

मिरजेहून कोल्हापूरला येणारा लोहमार्ग जेमतेम ४७ किलोमीटरचा. पुढे सह्याद्री आडवा, म्हणून गाडी इथेच संपते. वैभववाडीला उतरून कोकण गाठायचे स्वप्न अजून कागदावरच आहे. रेल्वेच्या जाडजूड इतिहासग्रंथांत अशा फाट्याच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो. पण हा फाटा लंडनच्या भागधारकांच्या पैशातून निघालेला नाही. कोल्हापूर दरबाराने तो आपल्या खर्चाने बांधला. १८८८ मध्ये कामाचा प्रारंभ झाला तेव्हा शाहू महाराजांना चौदावे सरायचे होते आणि राज्याची सूत्रे हाती यायला आणखी सहा वर्षे होती. १८९१ मध्ये मीटर गेजच्या रुळांवरून गाडी कोल्हापुरात आली. मार्ग संस्थानचा, तो चालवणार सदर्न मराठा रेल्वे, अशी व्यवस्था.

त्या गाडीने काय केले हे कोल्हापूरकराला वेगळे सांगायला नको. स्टेशनला लागून शाहूपुरीची पेठ उभी राहिली, गुळाला बाहेरची बाजारपेठ मिळाली, आणि १९१७ मध्ये महाराजांनी वडिलांच्या नावाने याच मार्गावर जयसिंगपूर वसवले. पिकाच्या बाजारावरून स्टेशनला ‘गूळ मार्केट’ असे नाव पडावे, हा मान सगळ्यांना मिळत नाही. या साऱ्याच्या कागदोपत्री नोंदी आहेत. चित्रे मात्र फारच थोडी, आणि जी आहेत ती घराघरांतल्या ट्रंकांत, पिवळ्या पडलेल्या पाकिटांत, बहुतेक वेळा नाव-गाव-साल न लिहिलेली. रेल्वेवेड्या मित्रमंडळींनी ती एकमेकांना दाखवत, भांडत, ओळखत गोळा केली. त्या फोटोंचा हा संग्रह. फोटो पाहण्याआधी ते कुठून आले आणि कसे पाहावेत, एवढे या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

कोल्हापुरात कॅमेरे नव्हते असे कोणी म्हणणार नाही. याच गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. १९२९ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनी इथे जन्मली आणि चार वर्षांनी पुण्याला गेली. भिंगातून पाहायची सवय असलेले गाव. तरीही इंजिनावर कोणी मुद्दाम कॅमेरा रोखला नाही. रोज दिसणाऱ्या वस्तूचा फोटो काढायचा असतो हेच कोणाला सुचले नाही, आणि सुचले तरी परवडत नव्हते. साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरात आला तो बहुधा अग्फाचा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा फोटो, ते मुंजीला आणि लग्नाला पुरवायचे. त्यातला एक काळ्या इंजिनावर कोण घालवील? शिवाय त्या कॅमेऱ्याचा शटर इतका सावकाश की धावती गाडी म्हणजे नुसता धुरकट पट्टा. त्यात ‘फोटो काढण्यास मनाई आहे’ ही पाटी पुलापुलावर होतीच, आणि युद्धांच्या वर्षांत स्टेशनवर कॅमेरा बाहेर काढणाऱ्याकडे पोलीस संशयाने पाहत.

म्हणून आमच्याकडच्या फोटोंत इंजिन आले ते आगंतुक म्हणून. फोटो असतो फौजेत निघालेल्या मुलाचा. गळ्यात हार, हातात होल्डॉल, शेजारी डोळ्याला पदर लावलेली आई. आणि मुलाच्या खांद्यामागे, चौकटीच्या काठाला, इंजिनाचा अर्धा टेंडर, म्हणजे कोळशा-पाण्याचा डबा, आणि त्यावरची दोन अक्षरे. घरचे लोक मुलाकडे बघतात. आमचे लोक आधी त्या दोन अक्षरांकडे बघतात आणि मग, थोडे ओशाळून, मुलाची चौकशी करतात.

त्या दोन अक्षरांत बरेच काही असते. १९०८ मध्ये सदर्न मराठा आणि मद्रास या दोन रेल्वे एक झाल्या आणि ‘एम. अँड एस. एम.’ हे लांबलचक नाव आले. १९५१ मध्ये ती सदर्न रेल्वेत विलीन झाली. १९६६ मध्ये साउथ सेंट्रल निघाली आणि नंतर कधीतरी आपण सेंट्रलच्या छत्राखाली गेलो. रूळ तेच, फलाट तोच, अक्षरे मात्र बदलत गेली. त्यामुळे टेंडरवर एस.आर. दिसले की फोटो १९५१ नंतरचा, एस.सी. दिसले की १९६६ नंतरचा. रंगारी वर्षभर मागे असू शकतो एवढी सूट द्यायची. या भागातले मीटर गेज सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उखडले गेले आणि ब्रॉड गेज आले. म्हणजे कोल्हापूरच्या फलाटावर मीटर गेजचे इंजिन आणि त्यावर एस.सी. असा फोटो निघाला तर तो पाच-सहा वर्षांच्या खिडकीतलाच असणार. ब्रॉड गेज येण्याआधी मुंबईला जाणारा प्रवासी पुण्याला उतरून गाडी बदलत असे, हे आज वंदे भारतमध्ये बसणाऱ्या नातवाला पटवून द्यावे लागते.

इंजिनाची जात ओळखायला चाके मोजायची. स्वातंत्र्यानंतर मीटर गेजवर दोन जाती प्रामुख्याने दिसत: प्रवासी गाड्यांना वायपी, मालगाड्यांना वायजी. लांबून दोघी जुळ्या बहिणी. एका बाजूने मोजले तर वायपीला पुढे दोन लहान, मग तीन मोठी, मागे एक लहान चाक. वायजीला पुढे एक, मग चार मोठी, मागे एक. वायजी १९७२ पर्यंत चित्तरंजनला तयार होत होती आणि तिथून बाहेर पडलेले शेवटचे वाफेचे इंजिनही तीच, यावर आमच्यातल्या काहींचा विश्वास बसायला वेळ लागला. त्याहून जुनी इंजिने असतील तर धुराड्याखालच्या किंवा सिलिंडरजवळच्या कारखान्याच्या पाटीकडे बघायचे. ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश कंपनी १९०३ मध्ये तीन कारखाने एकत्र येऊन बनली आणि तिच्या पाटीचा आकारच कारखाना सांगतो: गोल असेल तर हाइड पार्क, लांबट गोल असेल तर ॲटलस, शंकरपाळ्यासारखी असेल तर क्वीन्स पार्क. अंक वाचता आले नाहीत तरी भिंगाखाली आकार कळतो.

याच कंपन्यांनी स्वतः काढवून घेतलेले फोटो हा दुसरा मोठा स्रोत. इंजिन कारखान्यातून निघण्याआधी त्याला फोटोपुरता फिकट राखाडी रंग देत. काळ्या रंगात बारकावे उठत नाहीत ना. मग मागची भिंत, माणसे, आकाश सगळे खरवडून पांढरे करत. फोटो इतके स्वच्छ की रिव्हेट मोजून घ्याव्यात. पण माझे त्यांच्याशी कधी जमले नाही. त्या इंजिनाने अजून कोळसा खाल्लेला नाही, कृष्णेचे पाणी प्यायलेले नाही, फायरमनने त्याच्या बफरवर पंचा वाळत घातलेला नाही. तिसरा स्रोत परदेशी पाहुण्यांचा. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटनच्या रेल्वेवरून वाफेची नियमित गाडी बंद झाली आणि तिथले शौकीन कॅमेरे घेऊन जिथे वाफ उरली होती तिकडे निघाले. भारत त्यांना पंढरीसारखा होता. आपल्या शेड्सचे रंगीत फोटो आज दिसतात ते पुष्कळसे या लोकांनी काढलेले, आणि त्यांचे याबद्दल ऋण मानलेच पाहिजे.

मात्र या तिन्ही प्रकारांत एक पक्षपात आहे आणि तो आमच्या छंदातही मुरला आहे. सगळ्यांना इंजिन हवे असते. सिग्नल कोणालाच नको असतो.

मला विचाराल तर संग्रहातले सर्वांत बोलके फोटो सिग्नलचे आहेत, आणि तेही चुकून आलेले. जुना हाताचा सिग्नल आठवा: खांब, वर लाल हात, त्यावर पांढरा पट्टा. हात आडवा असेल तर थांबा, खाली पडला की चला. सिग्नल पडला, गाडी सुटली, असे आपण म्हणत आलो. हात ओढायला केबिनपासून तार असते, आणि दुसऱ्या टोकाला वजन असे बसवलेले की तार तुटली तर हात आपोआप आडवा व्हावा. बिघाड झाला तर गाडी थांबेल, पुढे जाणार नाही. लाल-हिरव्या काचांमागे रॉकेलचा दिवा. तो लावायला लॅम्पमन शिडीने वर चढे, पावसात आणि वाऱ्यात. माशाच्या शेपटीसारखी खाच असलेला हात असेल तर तो नुसती सूचना देणारा. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग कळत नाही, म्हणून ही खाच फार उपयोगी पडते. हात वरच्या दिशेला उचललेला दिसला तर यंत्रणा वेगळी, नव्या धर्तीची. मग फोटोचे साल पुढे सरकवायचे.

आता एक गंमत. डाव्या हाताने जाणाऱ्या आपल्या रेल्वेत ड्रायव्हरला समोरून येताना हात खांबाच्या डावीकडे दिसतो. मागून पाहिला तर अर्थात उजवीकडे, आणि मागची बाजू पांढरी, तिच्यावर काळा पट्टा. म्हणजे डावीकडे गडद हात व फिका पट्टा, किंवा उजवीकडे फिका हात व काळा पट्टा, एवढ्या दोनच गोष्टी शक्य आहेत. फोटोत डावीकडे फिका हात दिसला की खुशाल सांगावे, निगेटिव्ह उलटी ठेवून छापली आहे. एका फोटोवरून आमच्या मंडळींत बराच काळ वाद चालू होता. डोंगर चुकीच्या बाजूला का, फलाट तिथे कधी होता, काहीजण तर स्टेशनच दुसरे आहे म्हणू लागले. इंजिनाचा नंबर वाफेत झाकलेला. शेवटी निकाल लावला तो कोपऱ्यातल्या बोटभर सिग्नलने. फोटो आरशात धरला आणि डोंगर जागेवर आला.

हे काम एकट्याने होत नाही, आणि इथेच मला या छंदाचे मर्म दिसते. फोटो ज्याच्या ट्रंकेत असतो त्याला तो निम्मादेखील कळलेला नसतो. एकच फोटो उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडे गेला की तो कनेक्टिंग रॉडची स्थिती पाहून इंजिन उभे आहे की हळू सरकते आहे ते सांगतो. निवृत्त स्टेशनमास्तर इंजिनाकडे ढुंकूनही पाहत नाही. होम पडलेला आणि स्टार्टर आडवा, म्हणजे गाडी आत घेतली आहे पण पुढचा लाइन क्लिअर मिळालेला नाही, हे तो एका नजरेत वाचतो. रुकडीकडचा शेतकरी मागच्या झाडांवरून पंचगंगेचा पूल किती लांब असेल ते सांगतो. आणि कोणाची तरी आजी, जिला यातले काहीच ठाऊक नाही, ती फलाटावरच्या बाईचे लुगडे बघून साल दहा वर्षांनी मागे ढकलते. तिचे म्हणणे सहसा खरे निघते.

अशाच एका चित्रातला गोळा दाखवण्यासारखा आहे. एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून टोकनची पद्धत होती. आपल्याकडे नीलची यंत्रे सर्रास असत. त्यातले टोकन म्हणजे पोलादी गोळा. दोन्ही स्टेशनांनी घंटीच्या खुणांनी एकमेकांची संमती घेतल्याशिवाय यंत्र गोळा सोडत नाही, आणि एक बाहेर असेपर्यंत त्या पट्ट्यासाठी दुसरा निघत नाही. गोळा चामडी पिशवीत, पिशवी मोठ्या कड्याला. न थांबणाऱ्या गाडीसाठी सांधेवाला कडे उंच धरून उभा राहतो आणि फायरमन धावत्या इंजिनावरून त्यात कोपरापर्यंत हात घालून ते उचलतो. चित्र थोडे हलले आहे. फायरमनचा चेहरा दिसत नाही, दंडावर बांधलेली चिंधी मात्र स्पष्ट दिसते. ती कशाला, असे तरुण मुले विचारतात. पोलादाचे वजन घेऊन कडे त्या वेगाने दंडावर आदळते, म्हणून. हे कुठल्याही पुस्तकात आम्हाला सापडले नव्हते. फोटो पाहणाऱ्या एका जुन्या फायरमनने बाही वर सारून दाखवले.

मिरजेविषयी लिहायला घेतले तर ही प्रस्तावना संपायची नाही. ब्रॉड गेज आल्यापासून नव्वदच्या दशकापर्यंत तिथे तीन रुंदीचे रूळ एकत्र नांदत होते: कोल्हापूर-पुण्याचे ब्रॉड, बेळगाव-लोंढ्याकडचे मीटर आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडचे बार्शी लाइटचे नॅरो, अडीच फुटांचे. वारकऱ्यांनी टपापर्यंत भरलेली ती छोटी गाडी आमच्या पिढीने पाहिली. ती रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरची. १८९७ मध्ये बार्शीपासून सुरुवात, १९२७ मध्ये मिरजेला टोक, १९५४ मध्ये सरकारजमा. प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, या एका हिशेबावर त्याने इंजिनापासून वाघिणीपर्यंत सगळे बेतले. पहिली इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्याची, एका बाजूला चार मोठी चाके असलेली. हाच गृहस्थ पुढे विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागे लागला. जगभरच्या नॅरो गेजवाल्यांना बार्शी हे नाव तोंडपाठ असते. आपल्याकडे त्या रेल्वेचे फोटो रद्दीत निघाले.

याच मार्गावरच्या वळिवड्याची गोष्ट त्याहून वेगळी. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेल्या पाचेक हजार पोलिश निर्वासितांची वसाहत १९४३ ते १९४८ या काळात तिथे होती, शाळा-चर्चसकट. आज त्यांची नातवंडे पोलंडमध्ये, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात आहेत. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे, वॉर्सात कोल्हापूरचे आहे. या कुटुंबांनी छावणीचे फोटो जिवापाड जपले. आम्ही मात्र त्यांच्याकडे रेल्वेच्या नजरेने कधी मागितले नाहीत. माणसे आली ती गाडीने, गेली तीही गाडीने, आणि निरोपाच्या वेळी कोणी ना कोणी कॅमेरा काढतोच.

फोटो वाटून घेण्याविषयी दोन कडू शब्द लिहिणे भाग आहे. काही मंडळी फोटोवर स्वतःचे नाव असे आडवे छापतात की बॉयलरच दिसत नाही. फोटो बहुधा त्यांच्या आजोबांनीही काढलेला नसतो. काही जण यंत्राकडून रंग भरून घेतात आणि सदर्नचे काळे इंजिन निळे होऊन फिरू लागते. सर्वांत घातक कात्री. इंजिन ‘छान दिसावे’ म्हणून कडा कापल्या की सिग्नल गेला, पाटी गेली, आजीचे लुगडे गेले, म्हणजे फोटो कुठला हे सांगणारे सगळे साक्षीदार गेले. आणि बिनबुडाच्या तळटिपा तर विचारू नका. बोगीवर बसवलेले लांब डबे दिसत असताना खाली ‘बोरीबंदर ते ठाणे, १८५३’ असे लिहिलेले असेल तर लिहिणाऱ्याने फोटो पाहिलेलाच नाही. तसे डबे तेव्हा आपल्याकडे नव्हतेच.

उलट ज्यांनी हे काम नीट केले त्यांची नावे घ्यायला हवीत. कंपनीच्या नोकरीनिमित्त भारतात राहिलेले मायकेल सॅटो जुनी इंजिने शोधत देशभर फिरले, आणि १९७७ मध्ये दिल्लीला रेल्वे संग्रहालय उघडले त्यात त्यांचा मोठा वाटा. ह्यू ह्यूज यांनी भारतातल्या इंजिनांच्या गेजवार याद्या छापल्या. त्या हाताशी नसत्या तर आम्ही अजून चाकेच मोजत बसलो असतो. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी छोट्या गाड्यांचे संग्रहालय उभे केले, त्यात सिग्नलना इंजिनांइतकाच मान आहे. हुबळीला २०२० मध्ये संग्रहालय झाले, आणि आमच्या जुन्या मार्गाचे माहेर तेच, म्हणून तिथे जाताना फोटोंच्या प्रती बरोबर न्याव्यात.

या संग्रहात जे नाही त्याची यादी मोठी आहे. कोल्हापूर स्टेशनच्या बाहेरचा मीटर गेजच्या काळातला सिग्नल आतल्या खांबासह दिसेल असा एकही स्वच्छ फोटो नाही. गूळ मार्केटवर ढेपा वाघिणीत चढतानाचा नाही. हातकणंगल्याच्या केबिनच्या आतले खटके नाहीत. रूळ बदलले त्या दिवसांतला, जुने काढून नवे टाकतानाचा, एक तरी कोणी काढला असणारच. मूळ फोटो घरीच ठेवा, तो कोणी मागणार नाही. फ्रेममधून काढून, कडांसह, मागच्या बाजूसह स्कॅन करा. पाठीवर स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही हवा. पेनाने पाठीवर काही लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उतरते. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कोणी सांगितले आणि केव्हा सांगितले ते लिहा. आणि फोटोतली माणसे कोण आहेत हे घरातल्या थोरल्या माणसाला याच आठवड्यात विचारा. इंजिनाचा नंबर आम्ही शोधून काढू.